सिंफनी ऑर्केस्ट्राचा हंगाम : कार्यक्रमपत्रिकेमागची तीन वर्षे

ख्यालगायक मैफलीला बसल्यावर, तंबोरे जुळत असतानाही आपला राग निश्चित करू शकतो. प्रहर, श्रोत्यांचा कल आणि त्या दिवशीचा गळा पाहून त्याने आयत्या वेळी यमनऐवजी पूरियाकल्याण आरंभला, तरी तबलजी आणि संवादिनीवादक त्याच्यासोबत सहज निघतात. ऐंशी ते शंभर वादकांच्या सिंफनी ऑर्केस्ट्राला ही मोकळीक नाही. तेथे प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला असतो, प्रत्येक वादकासाठी वेगळी प्रत लागते आणि तालमींचे तास ठरलेले असतात. त्यामुळे एखाद्या संध्याकाळी सभागृहात काय ऐकू येणार, हे दोन-तीन वर्षे आधीच कोणीतरी ठरवलेले असते.

श्रोत्याच्या हाती पडते ती तीन रचनांची नावे असलेली कार्यक्रमपत्रिका. तिच्यामागे कलात्मक आग्रह असतो. त्याचबरोबर पैशांचा हिशेब, माणसांची उपलब्धता आणि श्रोत्यांच्या सवयींची जाणही असते. कोणते संगीत एखाद्या शहराच्या कानांवर पडेल आणि कोणते कपाटातच राहील, याचा निवाडा या नियोजनातून होत असतो. म्हणूनच ‘हंगामाची आखणी’ हे वरकरणी कचेरीतले वाटणारे काम ऑर्केस्ट्राच्या जीवनात अत्यंत महत्त्वाचे ठरते.

हंगामाची कल्पना

युरोपात राजदरबार आणि चर्च यांच्या आश्रयातून संगीत बाहेर पडले आणि तिकीट काढून येणाऱ्या नागरिकांसमोर सादर होऊ लागले, तेव्हा हंगामाची कल्पना रुजली. जर्मनीतील लाइपझिग शहरात कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत १७८१ मध्ये संगीतसभागृह सुरू झाले. ‘गेवांडहाउस’ या त्या इमारतीचेच नाव तेथील ऑर्केस्ट्राला मिळाले. व्हिएन्नात १७८४ मध्ये मोझार्टने वर्गणीदारांसाठी मैफली केल्या आणि आपल्या १७४ वर्गणीदारांची यादी अभिमानाने वडिलांना कळवली. वर्गणीमुळे पैसा आधी हाती येई. मात्र काय वाजवले जाणार, याचा काही भरवसा आधी द्यावा लागे. हंगामाच्या नियोजनाचे मूळ या व्यवहारात आहे.

लंडनमध्ये १८१३ साली स्थापन झालेल्या फिलहार्मोनिक सोसायटीने पुढचे पाऊल टाकले. उपलब्ध रचनांमधून निवड करण्यावर न थांबता तिने १८२२ मध्ये ५० पौंड देऊ करून बेथोव्हनकडे नव्या सिंफनीची मागणी केली. ती त्याची नववी सिंफनी. तिचे पहिले सादरीकरण मात्र ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात झाले. न्यूयॉर्क आणि व्हिएन्ना येथील फिलहार्मोनिक १८४२ मध्ये उभ्या राहिल्या. बोस्टनमध्ये १८८१ साली हेन्री ली हिगिन्सन या धनिकाने ऑर्केस्ट्रा स्थापन केला आणि त्याची तूट वर्षानुवर्षे स्वतः भरून काढली.

आज युरोप-अमेरिकेतील मोठ्या ऑर्केस्ट्राचा हंगाम साधारणतः सप्टेंबरमध्ये सुरू होऊन जूनमध्ये संपतो. पुढील हंगामाची घोषणा बहुधा आधीच्या हिवाळ्यात किंवा वसंतात होते. तोपर्यंत सर्व तारखा, कलाकार आणि रचना निश्चित झालेल्या असाव्या लागतात. नामांकित एकलवादकांच्या तारखा तर दोन-तीन वर्षे आधीच गुंतलेल्या असतात.

निर्णय कोणाचा?

कलात्मक दिशा ठरवण्याचा अधिकार प्रामुख्याने संगीत संचालकाकडे असतो. परंतु तो वर्षभर एकाच शहरात राहत नाही. हंगामातील काही आठवडेच तो स्वतः कंडक्टर म्हणून उभा राहतो आणि उरलेले आठवडे पाहुण्या कंडक्टरांकडे जातात. या सर्वांची मोट बांधण्याचे काम कलानियोजन विभागाचा प्रमुख करतो. कंडक्टर आणि एकलवादक यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करणे, दोन मैफलींत एकच रचना येऊ न देणे, सभागृहाच्या तारखा राखणे ही कामे त्याचीच. याशिवाय मुख्य कार्यकारी अधिकारी खर्चाकडे पाहतो, तिकीटविक्री विभाग मागणीचा अंदाज सांगतो, वादकांची समिती कामाच्या ताणाबद्दल मत देते आणि ग्रंथपाल स्वरलेखनाच्या प्रती मिळतील की नाही, हे कळवतो.

व्हिएन्ना फिलहार्मोनिकची रीत याहून वेगळी आहे. १९३३ पासून या ऑर्केस्ट्राने कायमस्वरूपी प्रमुख कंडक्टर नेमलेला नाही. संस्थेचा कारभार वादकच पाहतात आणि पाहुण्या कंडक्टरांना तेच निमंत्रण देतात. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये प्रमुख कंडक्टर असतो, पण त्याची निवड वादक मतदानाने करतात.

कोणतीही पद्धत असली, तरी आखणी म्हणजे देवाणघेवाण असते. एखाद्या पियानोवादकाला निमंत्रण दिले की, त्या वर्षी तो कोणते दोन-तीन कॉन्चेर्टो वाजवणार आहे, हे त्याच्याकडून कळते. तिघा पियानोवादकांनी रखमानिनॉव्हचा दुसरा कॉन्चेर्टोच पुढे केला, तर दोघांची समजूत घालावी लागते. कंडक्टरला महलर हवा असतो, तर तिकीटविक्री विभागाला चायकॉव्हस्की. अशा वेळी एका आठवड्यात माघार घेऊन दुसऱ्या आठवड्यात आपले म्हणणे मान्य करून घेणे, हे कौशल्य नियोजकाच्या अंगी असावे लागते.

एका संध्याकाळची बांधणी

मैफलीत बडा ख्याल, छोटा ख्याल, ठुमरी आणि शेवटी भैरवी असा क्रम रुळला, तसा ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाचाही एक साचा रुळला आहे. प्रारंभी सुमारे दहा मिनिटांचे ओव्हर्चर, नंतर अर्ध्या तासाचा कॉन्चेर्टो, मध्यंतर आणि अखेरीस चाळीस मिनिटांच्या आसपासची सिंफनी. या क्रमामागे व्यवहारही आहे. ओव्हर्चरमुळे उशिरा येणाऱ्यांना कॉन्चेर्टोपूर्वी जागा घेता येते. कॉन्चेर्टो मध्यंतरापूर्वी संपल्याने एकलवादक मोकळा होतो आणि पियानो रंगमंचावरून हलवायला वेळ मिळतो.

हा साचा नेहमी चालत नाही. महलरच्या तिसऱ्या सिंफनीलाच दीड तासाहून अधिक वेळ लागतो. तिच्या जोडीला दुसरे काही ठेवण्याची गरज नसते. याउलट सिबेलियसची सातवी सिंफनी वीस-बावीस मिनिटांत संपते आणि तिला तोलामोलाची सोबत शोधावी लागते. रचनांमध्ये काही नातेही असावे लागते. हे नाते गुरु-शिष्याचे असेल, एकाच शहराचे असेल किंवा एकाच विषयाचे. पण ते श्रोत्याला टिपण न वाचताही जाणवले, तरच त्याला अर्थ.

कार्यक्रम किती लांबू नये, याचे उदाहरण बेथोव्हननेच घालून दिले आहे. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात त्याने एकाच संध्याकाळी आपली पाचवी व सहावी सिंफनी, चौथा पियानो कॉन्चेर्टो, मासमधील काही भाग आणि शेवटी पियानो, ऑर्केस्ट्रा व गायकवृंदासाठीची ‘कोरल फँटसी’ असा बेत आखला. थंडगार नाट्यगृहात मैफल सुमारे चार तास चालली. तालमी अपुऱ्या झाल्या होत्या. शेवटची रचना मध्येच विस्कटली आणि थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. पाश्चात्त्य संगीतातील इतक्या थोर कृती एका रात्रीत प्रथम ऐकण्याचा योग आलेले श्रोते गारठून आणि थकून घरी परतले.

वादक, तालमी आणि पैसा

रचनेचे नाव लिहिणे सोपे असते. तिची किंमत नंतर कळते. मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीत ट्रम्पेट, ट्रोम्बोन वा टिंपनी नाही. त्या आठवड्यात हे वादक पगारावर असूनही घरी बसतात. स्ट्राविन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ला मात्र आठ हॉर्न आणि प्रत्येक जातीची पाच-पाच काष्ठवाद्ये लागतात, म्हणजे बाहेरून जादा वादक बोलवावे लागतात. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीत ट्रोम्बोनवादकांना काम मिळते ते शेवटच्या भागात. पण त्या थोड्या वेळासाठी तिघांनाही संपूर्ण मैफल थांबावे लागते. नियोजक अशा मोठ्या व छोट्या आठवड्यांची सांगड घालतो. ब्रुकनरनंतर लगेच रिखार्ड स्ट्राउस ठेवला, तर पितळी वाद्ये वाजवणाऱ्यांच्या ओठांवर ताण येतो, हेही त्याला ध्यानात ठेवावे लागते.

तालमींचे गणित त्याहून कठोर आहे. अमेरिकेतील मोठ्या ऑर्केस्ट्राला एका कार्यक्रमासाठी साधारणतः चार तालमी मिळतात. लंडनमध्ये बहुधा त्याहून कमी. परिचित सिंफनीला एक तालीम पुरते, नव्या रचनेला तीनही अपुऱ्या पडतात. त्यामुळे अवघड नवी रचना ठेवायची, तर उरलेला कार्यक्रम वादकांच्या हाताखालचा असावा लागतो. नव्या रचनेशेजारी ड्वोरझाकची नववी सिंफनी दिसली, तर ती केवळ श्रोत्यांना आकर्षित करण्यासाठी नसते. तिच्यामुळे वाचलेले तालमीचे तास नव्या रचनेला मिळतात.

स्वामित्वहक्काचा खर्चही असतो. बेथोव्हन किंवा ब्राम्सच्या रचनांना तो लागू नाही. पण भारतीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर युरोपात ७० वर्षे हा हक्क टिकतो. १९७५ मध्ये निवर्तलेल्या शोस्ताकोविचच्या सिंफनीसाठी प्रकाशकाकडून प्रती भाड्याने घ्याव्या लागतात आणि सादरीकरणाचे शुल्कही द्यावे लागते. तिकिटांच्या उत्पन्नातून तर एकूण खर्चाचा काही भागच निघतो. जर्मनीत उरलेला भार शासन व नगरपालिका उचलतात, अमेरिकेत देणगीदार. देणगीदार नाराज होईल, ही भीती तेथील आखणीत न लिहिलेल्या अटीसारखी वावरत असते.

जुने आणि नवे

अठराव्या शतकात श्रोते प्रामुख्याने हयात रचनाकारांचे संगीत ऐकत. लाइपझिगमध्ये मेंडेल्सझोनने १८३८ मध्ये बाख, हँडेल यांच्यापासून पुढील काळातील रचनांच्या ‘ऐतिहासिक मैफली’ केल्या, तेव्हा ते अपूर्व मानले गेले. पुढे मात्र अपवादाचाच नियम झाला. एकोणिसावे शतक संपेपर्यंत दिवंगतांच्या कृतींनी कार्यक्रमपत्रिका व्यापली आणि नव्या रचनाकाराला त्यांच्यामध्ये जागा मागावी लागू लागली.

या कोंडीवर निरनिराळे उपाय झाले. शॉनबर्गने व्हिएन्नात १९१८ मध्ये खासगी संगीत सादरीकरणांची संस्था स्थापन केली. तेथे कार्यक्रम आधी जाहीर केला जात नसे आणि टाळ्या वाजवण्यास मनाई होती. श्रोत्याने नाव पाहून नव्हे, तर ऐकण्यासाठी यावे, हा हेतू. संस्था अवघी तीन वर्षे टिकली. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक असताना पिएर बुलेझ यांनी १९७३ मध्ये सभागृहातील खुर्च्या काढून गालिचे अंथरले आणि तरुण श्रोत्यांना वादकांभोवती बसवले. त्या मैफलींना प्रतिसाद मिळाला, पण जुने वर्गणीदार त्यांच्या एकूण निवडीवर कुरकुरतच राहिले.

बोस्टनचे कंडक्टर सर्ज कुसेवित्स्की यांचा मार्ग अधिक फलदायी ठरला. १९२४ ते १९४९ या पंचवीस वर्षांत त्यांनी श्रोत्यांची नव्याची सवय चिकाटीने वाढवली. ऑर्केस्ट्राच्या पन्नाशीनिमित्त मागवलेल्या रचनांमध्ये स्ट्राविन्स्कीची ‘सिंफनी ऑफ साम्स’ होती. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात असलेल्या बेला बारटोककडे ते स्वतः गेले आणि आपल्या प्रतिष्ठानातर्फे त्यांना काम दिले. त्यातून साकारलेला ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ १ डिसेंबर १९४४ रोजी बोस्टनमध्ये सादर झाला. पुढच्याच वर्षी बारटोकचे निधन झाले. आज ही रचना हमखास गर्दी खेचणारी मानली जाते. म्हणजे एका काळातील धोका पुढच्या काळातील भांडवल होतो. पण तो धोका कोणीतरी पत्करावा लागतो. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने २०१८-१९ या शताब्दी हंगामासाठी ५०हून अधिक नव्या रचना मागवल्या, त्या याच परंपरेत.

न वाजलेले संगीत

चित्र भिंतीवर राहते, पुस्तक कपाटातून काढून वाचता येते. सिंफनी मात्र वाजली नाही, तर जवळजवळ नसल्यासारखीच असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय रचनाकार फ्लोरेन्स प्राइस यांची पहिली सिंफनी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने जून १९३३ मध्ये सादर केली. त्यानंतर मोठ्या ऑर्केस्ट्रांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये इलिनॉय राज्यातील एका ओसाड घरात त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले, तेव्हा कोठे त्यांच्या कृती पुन्हा हंगामांत दिसू लागल्या. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या जगप्रसिद्ध नववर्ष मैफलीत तर एका स्त्रीची रचना प्रथमच वाजली ती १ जानेवारी २०२५ रोजी. कॉन्स्टान्झे गायगर हे त्या रचनाकार स्त्रीचे नाव. अशा विस्मरणासाठी कोणी हुकूम काढावा लागत नाही. दर हंगामात ‘या वर्षी नको’ एवढे म्हटले, तरी पुरते.

जयंत्या आणि पुण्यतिथ्या हे नियोजकाचे दुसरे प्रलोभन. त्यांमुळे प्रसिद्धी सोपी होते, पण आधीच सर्वाधिक वाजणारे नाव आणखी वाजते. बेथोव्हनच्या जन्माच्या २५०व्या वर्षासाठी, म्हणजे २०२० साठी जगभर आखलेले कार्यक्रम महासाथीमुळे मार्चपासून बंद पडले आणि तीन वर्षांची तयारी काही दिवसांत वाया गेली. २०२७ मध्ये त्याच्या मृत्यूला २०० वर्षे पूर्ण होत आहेत.

काही वेळा निर्णय संगीताबाहेरच्या कारणांनी होतो. १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांनंतर आजच्या इस्रायल फिलहार्मोनिकच्या पूर्वसुरींनी, म्हणजे तेव्हाच्या पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्राने, वाग्नर वाजवणे थांबवले. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी १९८१ मध्ये तेल अवीव येथे मुख्य कार्यक्रमानंतर, ज्यांना नको असेल त्यांनी बाहेर जावे असे सांगून, वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’मधील संगीत सुरू केले. सभागृहात तीव्र निषेध झाला. छळछावण्यांतून वाचलेली माणसे त्या शहरात राहत होती आणि त्यांच्यासाठी हा प्रश्न अभिरुचीचा नव्हता. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये वेल्समधील कार्डिफ फिलहार्मोनिकने चायकॉव्हस्कीचे ‘१८१२’ ओव्हर्चर कार्यक्रमातून वगळले, तेव्हाही अशीच चर्चा झाली.

मुंबईतील चित्र

मुंबईला या संगीताची ओळख जुनी आहे. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेले गोव्याचे वादक शहरातील अशा वाद्यवृंदांचा आणि पुढे चित्रपटसंगीताचाही कणा होते. त्यांच्यापैकीच एक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागांवर आधारित स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. परंतु नियमित हंगाम चालवण्याइतका आर्थिक आधार अशा प्रयत्नांना लाभला नाही.

नरिमन पॉइंट येथील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स अर्थात एनसीपीएमध्ये २००६ साली खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. येथील आखणीचे प्रश्न बोस्टन वा व्हिएन्नाहून निराळे आहेत. कायमस्वरूपी मुंबईत राहणाऱ्या वादकांचा गट लहान आहे. मोठ्या कार्यक्रमांसाठी परदेशातून वादक बोलवावे लागतात. म्हणून वर्षभर पसरलेल्या हंगामाऐवजी साधारणतः फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपासचे दोन छोटे हंगाम होतात. वादक एकदा आले की, थोड्या आठवड्यांत अनेक कार्यक्रम बसवणे भाग असते. व्हिसा, विमानप्रवास, निवास आणि ११०९ आसनांच्या जमशेद भाभा थिएटरच्या तारखा या सर्वांचा परिणाम शेवटी कोणती सिंफनी निवडावी, यावर होतो.

श्रोत्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बोस्टनच्या श्रोत्याने बेथोव्हनची पाचवी सिंफनी अनेकदा ऐकलेली असते. मुंबईत तीच सिंफनी प्रत्यक्ष सभागृहात प्रथमच ऐकणारे अनेकजण असतात. त्यामुळे तेथे जो कार्यक्रम ‘नेहमीचा’ म्हणून हिणवला जातो, तो येथे नवा असतो. पण एवढ्यावरच थांबले, तर मुंबईचा ऑर्केस्ट्रा युरोपची प्रतिकृती ठरेल. या दृष्टीने २०१५ मध्ये उस्ताद झाकिर हुसेन यांचा ‘पेशकार’ हा तबला कॉन्चेर्टो महत्त्वाचा आहे. तो याच ऑर्केस्ट्रासाठी रचला गेला आणि मुंबईत प्रथम सादर झाला. लिहिलेल्या संगीताच्या चौकटीत तबल्याच्या उपजेला जागा ठेवणे, हा त्यातील पेच आणि आनंदही. २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यात ऑर्केस्ट्राने तो सोबत नेला. १५ डिसेंबर २०२४ रोजी उस्तादांचे निधन झाले. ज्यांच्या हातांसाठी तो रचला गेला ते हात आता नाहीत. म्हणून यापुढे तो दुसऱ्या तबलावादकांकडे सोपवून हंगामात ठेवायचा की ध्वनिमुद्रणापुरता जपायचा, हाही नियोजनाचाच प्रश्न आहे.

वादकांच्या बाबतीतही असेच आहे. एनसीपीएच्या संगीत अकादमीत मुले व्हायोलिन, चेलो, पियानो शिकत आहेत. ती ऑर्केस्ट्रात बसण्याजोगी होतील, तेव्हा त्यांच्यासाठी हंगाम उरलेला असावा लागेल आणि त्या हंगामात ऐकायला येणारे श्रोतेही. हे श्रोते एका भव्य मैफलीने तयार होत नाहीत. ओळखीची सिंफनी ऐकायला आलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी एक अनोळखी रचना ऐकायला मिळाली, पुढच्या हंगामात आणखी एक मिळाली, तर दहा वर्षांनी त्याचा कान बदललेला असतो. एखाद्या हंगामाची विकली गेलेली तिकिटे त्याच वर्षी मोजता येतात. त्याने श्रोत्यांच्या ओळखीच्या रचनांत किती भर घातली, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागतो. नियोजकाला या दोन्ही हिशेबांची जमाखर्चाची वही एकाच वेळी लिहावी लागते.